ॲल्युमिनियम कंपोझिट वाळूपुढे किती टिकतं: बनवायचं कसं, मोजायचं कसं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पॅटर्नचं दुकान आहे. वडील सागवानी पॅटर्न करायचे. मी ॲल्युमिनियमच्या मॅचप्लेट (वाळूच्या साच्यात आकार उमटवणारी प्लेट) आणि कोअर बॉक्स (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बनवायची पेटी) करतो, आणि माल शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा तिन्ही ठिकाणच्या फाउंड्र्यांत जातो. चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने पंपाच्या केसिंगचं कास्टिंग माझ्या टेबलावर ठेवलं आणि न बोलता व्हर्नियर लावून दाखवला. भिंत एका बाजूला पाऊण मिलिमीटर पातळ होती. ओतकामात काही चुकलं नव्हतं. माझा कोअर बॉक्स झिजला होता. शूटरमधून (हवेच्या दाबाने बॉक्समध्ये वाळू मारणारं यंत्र) वाळू ज्या भोकाने आत शिरते, त्याच्या समोर बशीसारखा खळगा पडला होता आणि कडेच्या भिंतींवर वाळू घसरून लांब ओरखडे उठले होते. बॉक्स झिजला की कोअर तेवढा फुगतो, आणि कोअर फुगला की कास्टिंगची भिंत तेवढी पातळ होते.

बीडाचा (ओतीव लोखंडाचा) बॉक्स करून दिला असता तर टिकला असता, पण तो उचलायला दोन माणसं लागली असती. इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, ॲल्युमिनियममध्येच सिलिकॉन कार्बाइडची पूड घालून बघू." अशा मिश्रणाला कंपोझिट म्हणतात. त्या दिवसापासून आजवर जे हाताने शिकलो, ते इथे लिहितो. ज्याच्याकडे पाच-सात किलोची क्रुसिबल भट्टी आहे त्याला हे सगळं करता येईल.

कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात धातुशास्त्रज्ञ पंकज रोहतगी यांनी निकेलचा लेप दिलेलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमच्या रसात मिसळून दाखवलं होतं. पुढे ते भोपाळच्या ज्या प्रयोगशाळेचे संचालक झाले, ती आज ॲम्प्री (सीएसआयआरची पदार्थ संशोधन संस्था) म्हणून ओळखली जाते.

आधी घासणारा कोण ते ठरवा

भट्टी पेटवायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: हा भाग नक्की कशाने घासला जाणार? मी हा प्रश्न विचारला नाही आणि त्यात सहा महिने गेले.

पहिली चाचणी आम्ही पॉलिश पेपरवर घेतली. फिरत्या चकतीवर १२० नंबरचा पेपर चिकटवला, साध्या एलएम-२५ची (सिलिकॉन असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) आणि कंपोझिटची अशा दोन पिना त्यावर दाबल्या, वजन केलं. दोघांत फरक जवळजवळ नव्हता. भाचा हिरमुसला आणि मीही पूड कोपऱ्यात ठेवून दिली. पुढे लक्षात आलं की चूक मालात नव्हती, पेपरात होती. त्या काळ्या पेपरवरचे दाणेही सिलिकॉन कार्बाइडचेच असतात. म्हणजे आम्ही आत घातलेल्या कणाला त्याच्याच कडकपणाच्या दाण्याने घासत होतो. शिवाय १२० नंबरचा दाणा साधारण १२५ मायक्रॉनचा आणि आमचा कण ३० मायक्रॉनचा. दाणा कणाला ओरखडत बसत नाही, भोवतालच्या ॲल्युमिनियमसकट अख्खा खरवडून बाहेर काढतो. चिखलातला खडा फावड्याखाली जसा मातीबरोबर उचलला जातो, तसंच.

फाउंड्रीतली वाळू म्हणजे सिलिका, क्वार्ट्झ. विकर्स या मापाने तिचा कडकपणा साधारण १००० ते ११००. सिलिकॉन कार्बाइड २५००च्या आसपास, ॲल्युमिना २०००च्या आसपास, आणि टी-६ उष्णोपचार केलेलं (तापवून, पाण्यात बुडवून, पुन्हा हलकं तापवून कडक केलेलं) एलएम-२५ जेमतेम १००. वाळूचा दाणा साध्या ॲल्युमिनियममध्ये लोण्यातल्या सुरीसारखा जातो, पण सिलिकॉन कार्बाइडच्या कणाला तो कापू शकत नाही. म्हणजे माझं काम वाळूचं असेल तर चाचणीही वाळूनेच घ्यायला हवी. तुमचा भाग सिमेंट, राख, उसाबरोबर आलेली माती किंवा ग्राइंडिंगची धूळ यांत चालणार असेल, तर तो पदार्थ क्वार्ट्झपेक्षा कडक आहे की मऊ, आणि त्याचा दाणा केवढा, हे आधी शोधा. झीज हा धातूचा एकट्याचा गुण नव्हे. धातू, घासणारा दाणा, दाब आणि घासण्याचा कोन या चौघांचा मिळून तो हिशेब असतो.

झिजेबद्दलचं आर्चर्ड या शास्त्रज्ञांचं १९५३चं सूत्र सांगतं की झिजलेलं घनफळ दाब आणि अंतराच्या पटीत वाढतं आणि कडकपणाच्या पटीत घटतं. साध्या धातूला ते बरंच लागू पडतं. कंपोझिटला मात्र नुसता सरासरी कडकपणा घालून चालत नाही. कडकपणा मोजायचा ब्रिनेलचा गोळा हजारो कण आणि मधलं ॲल्युमिनियम एकत्र दाबतो, तर वाळूचा दाणा एका वेळी एकाच कणाला भिडतो.

बनवायचं

प्रमाण आधी. ५ किलो एलएम-२५ घेतलं तर वजनाने १० टक्के मिश्रण होण्यासाठी साधारण ५५५ ग्रॅम सिलिकॉन कार्बाइड लागतं. वजनाचे १० टक्के म्हणजे घनफळाचे साडेआठ टक्के, कारण कार्बाइडची घनता ३.२ आणि मिश्रधातूची २.६८. झीज घनफळावर ठरते, म्हणून वहीत घनफळाचाही आकडा लिहीत जा. मी ३० ते ६० मायक्रॉनचा कण वापरतो. त्याहून बारीक पूड रसात शिरता शिरत नाही, गोळे करून वर तरंगते. फार जाड कण खाली बसतो, दाबाखाली तडकतो आणि मशिनिंगवाल्याला रडवतो.

पूड मफल भट्टीत ९०० ते १००० अंशांवर दोन तास भाजा. त्यामुळे ओल जाते आणि कणावर सिलिकाची पातळ साल येते. ॲल्युमिनियमचा रस उघड्या कार्बाइडला चिकटायला तयार नसतो, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन राहतो. ही साल आणि रसातलं थोडं मॅग्नेशियम मिळून तो चिकटवतात. एलएम-२५मध्ये मॅग्नेशियम ०.२ ते ०.६ टक्के असतंच. मी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, घंटेच्या आकाराच्या दांड्याने रसाखाली दाबून ते १ टक्क्याच्या जवळ नेतो. यातलं काही त्या सालीशी संयोग होण्यात खर्च होतं, पण म्हणून ओंजळभर जास्त घालू नका, रस घट्ट होतो.

रस ७२० ते ७३० अंशांवर ठेवा. मी ७४०च्या वर कधीच जाऊ देत नाही. तापमान चढलं आणि वेळ लागला की ॲल्युमिनियम कणालाच खाऊ लागतं आणि कणाभोवती ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. हा ठिसूळ पदार्थ ओलीत विरघळत जातो, मग कण आणि धातू यांची पकड सुटते. रसात सिलिकॉन जितकं जास्त तितका हा धोका कमी. म्हणूनच या कामाच्या तयार मिश्रधातूत सिलिकॉन ९ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. एलएम-२५मध्ये ते ७ टक्केच आहे, तेव्हा तापमानावर नजर हवीच. थर्मोकपल नसेल तर हे काम करू नका. रंगावरून अंदाज बीडात चालतो, इथे चालत नाही.

गॅस काढायचा तो पूड घालण्यापूर्वी. ग्रॅफाइटच्या नळीने दहा मिनिटं आर्गॉन सोडा, मळी काढा, मगच पूड. एकदा पूड पडली की फ्लक्स (मळी काढायचा क्षार) नाही आणि डीगॅसिंगची टॅबलेट तर मुळीच नाही. क्षार कणांना रसातून सोडवतो आणि तुमचा सगळा माल मळीबरोबर वर येतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की रस हायड्रोजन पीत राहतो, आणि गोठताना ॲल्युमिनियमची हायड्रोजन धरायची ताकद साधारण विसाव्या हिश्श्यावर येते. उरलेला गॅस पिनहोल करतो. पंचगंगेला पाणी चढलेलं असताना मी केलेल्या पट्ट्या कापल्या तेव्हा आतून स्पंजासारख्या निघाल्या. तेव्हापासून कंपोझिटचं ओतकाम मी दिवाळीनंतर ठेवतो.

ढवळायला तीन किंवा चार पात्यांचा, पाती ४५ अंशांत कललेली असा स्टरर. व्यास क्रुसिबलच्या साधारण निम्मा. रसाच्या दोन तृतीयांश खोलीवर बुडवायचा, फेरे मिनिटाला ४०० ते ५००. मधोमध भोवरा पडला पाहिजे, पण भोवऱ्याचं टोक पात्यांना टेकता कामा नये, नाहीतर हवा ओढली जाते. स्टररचं लोखंड रसात उतरतं आणि सुयांसारखे ठिसूळ स्फटिक करतं, म्हणून पात्यांना झिर्कोनियाचा लेप दरवेळी नवा. पूड ५०० अंशांच्या आसपास गरम ठेवायची आणि मिनिटाला वीस-पंचवीस ग्रॅम अशी भोवऱ्याच्या कडेला सोडायची. ५५५ ग्रॅमला बावीस ते अठ्ठावीस मिनिटं लागतात. हात दुखतो. घाई केली तर पूड गोळ्यांनी परत वर येते, आणि वर आलेली पूड पुन्हा आत जात नाही. सगळी पडल्यावर आणखी दहा मिनिटं ढवळा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. द्रव ॲल्युमिनियमची घनता साधारण २.४, कणाची ३.२. ३० मायक्रॉनचा एकटा कण सेकंदाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर खाली जातो, ६० मायक्रॉनचा त्याच्या चौपट वेगाने. गर्दीत वेग कमी होतो, पण थांबत नाही. एकदा स्टरर बंद केला आणि साच्याचा क्लॅम्प अडकला म्हणून पाच-सहा मिनिटं गेली. तळाच्या रसातून ओतलेला शेवटचा ठोकळा करवतीला लावला तर ब्लेडचे दात पहिल्या इंचातच गेले. कापलेला तुकडा राखी, मॅट. पहिला ठोकळा मात्र चकचकीत, साध्या ॲल्युमिनियमसारखा. एकाच भट्टीतून दोन वेगळे धातू निघाले होते. तेव्हापासून ओतणाऱ्याच्या हातात सांडशी येईपर्यंत स्टरर चालू, आणि उचलल्यापासून साचा भरेपर्यंत मिनिटाच्या आत.

साचा बीडाचा, २५० अंशांपर्यंत तापवलेला. वाळूच्या साच्यात धातू सावकाश गोठतो आणि वाढणारे स्फटिक कणांना ढकलत शेवटी गोठणाऱ्या जागी नेऊन ढीग करतात. अशा ढिगातला कण झिजेला पहिला बळी पडतो, कारण त्याच्या भोवती धरून ठेवायला धातूच नसतो.

उष्णोपचार: ५४० अंशांच्या आसपास आठ तास, ७० ते ८० अंशांच्या गरम पाण्यात बुडवणं, मग १६० अंशांवर एजिंग (कडक होण्यासाठी तापवून ठेवणं). कंपोझिट साध्या एलएम-२५पेक्षा लवकर कडक होतं. थंड होताना ॲल्युमिनियम हे सिलिकॉन कार्बाइडच्या जवळजवळ पाचपट आकसतं, त्या ताणाने कणाभोवतीच्या धातूत दोष वाढतात आणि एजिंगला वेग येतो. म्हणून नऊ-दहा तास आंधळेपणाने न ठेवता दर दोन तासांनी एक तुकडा काढून कडकपणा बघा.

वाळूने घासून बघायचं

आमचं यंत्र एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) जी-६५ या पद्धतीवर बेतलेलं आहे. २२८.६ मि.मी. व्यासाचं, १२.७ मि.मी. रुंद, रबराची धाव असलेलं चाक. रबराचा कडकपणा शोर ए या मापाने ६०च्या आसपास. चाक मिनिटाला २०० फेरे. नमुना २५ × ७६ मि.मी.ची पट्टी, तरफेवर वजन टांगून चाकावर दाबलेली. दोघांच्या मध्ये नळीतून कोरडी गोल दाण्याची सिलिका वाळू मिनिटाला ३०० ते ४०० ग्रॅम पडत राहते. वाळूचा पडदा सपाट आणि सलग पडला पाहिजे. आमचं निम्मं काम ती नळी घासून नीट करण्यातच गेलं.

दाब १३० न्यूटन. कडक पोलादासाठी ६००० फेरे घेतात. ॲल्युमिनियमला तेवढं केलं तर पट्टीत दरी पडते आणि वाचन निरर्थक होतं. आम्ही १०० फेरे घेतो, म्हणजे ७१.८ मीटर, आणि खात्रीसाठी दुसऱ्या संचात १०००.

वाळू ११० अंशांवर दोन तास वाळवा, एकदाच वापरा, टाकून द्या. वापरलेल्या वाळूचे दाणे मोडून बदललेले असतात आणि आकडा विश्वासाचा राहत नाही. पट्ट्यांचा क्रम साधी, कंपोझिट, साधी, कंपोझिट असा आळीपाळीने, प्रत्येकी किमान तीन. आणि दोन्हींना तोच उष्णोपचार. टी-६ केलेलं कंपोझिट आणि नुसतं ओतलेलं एलएम-२५ शेजारी ठेवून टाळ्या वाजवणारे मी पाहिले आहेत. त्यात निम्मा फरक भट्टीचा असतो, कणांचा नव्हे.

इथे एक विनंती. हे यंत्र बंद पेटीत बसवा, मागे धूळ ओढणारा पंखा लावा आणि साधा रुमाल न बांधता योग्य फिल्टरचा मास्क घाला. तुटलेल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. सिलिकोसिसला औषध नाही. आमच्या गल्लीतल्या एका मोल्डिंगवाल्या मामांना पन्नाशीत जिना चढताना दर तीन पायऱ्यांवर थांबताना बघितलंय.

पट्टी आधी आणि नंतर अल्ट्रासॉनिक टबात ॲसिटोनने धुऊन, वाळवून, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. धुणं टाळू नका. मऊ ॲल्युमिनियममध्ये वाळूचे तुकडे रुतून बसतात, वजन वाढवतात, आणि मग साधा धातूच जास्त टिकाऊ वाटायला लागतो.

मग हिशेब. समजा वजन ०.१२० ग्रॅम घटलं आणि कंपोझिटची घनता २.७२. घनफळ निघालं ४४ घन मि.मी. त्याला १३० न्यूटन आणि ७१.८ मीटरने भागलं की ०.००४७ घन मि.मी. प्रति न्यूटन-मीटर. हा आकडा तुलनेसाठी वापरा. नुसत्या ग्रॅमची तुलना करू नका, कारण दोन्ही धातूंची घनता वेगळी आहे. घनता पाण्यात तोलून मोजलेली घ्या. हिशेबाने २.७२ यायला हवी आणि प्रत्यक्षात २.६५ आली, तर आत साधारण अडीच टक्के पोकळी आहे. अशा पट्टीची झीज मोजण्यात वेळ घालवू नका, पुन्हा ओता.

व्रण वाचायचा

आकड्यापेक्षा मला सूक्ष्मदर्शकाखालचा व्रण जास्त सांगतो. शंभरपट मोठा करून बघा. वाळूच्या दाण्याने काढलेला चर साध्या ॲल्युमिनियममध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातो, दोन्ही काठांवर नांगरटीसारखी माती सारलेली. चांगल्या कंपोझिटमध्ये तोच चर राखी कणापाशी येतो आणि तिथेच संपतो. पलीकडे पुन्हा सुरू झालाच तर अरुंद आणि उथळ. कणाच्या अंगावर ओरखडा नसतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा भाच्याला हाक मारली, आणि आम्ही आळीपाळीने बराच वेळ त्या एकाच कणाकडे बघत बसलो.

कणाच्या जागी रिकामा खड्डा दिसला तर पकड कच्ची आहे. भाजणी, मॅग्नेशियम किंवा तापमान यांत बघा. कण दुभंगलेला दिसला तर तो जाड आहे किंवा दाब जास्त. आणि चर कणापेक्षा रुंद दिसला तर तुमचा कण या घासणाऱ्यासाठी लहान आहे, पेपरवर आमचं जे झालं तेच. अशा वेळी पुडीचं प्रमाण वाढवून उपयोग नाही, कण मोठा घ्या. १५ टक्क्यांच्या पुढे तर आमच्या भट्टीत ढीग आणि पोकळीच वाढली.

बॉक्सवर लावायचं

अख्खा बॉक्स कंपोझिटचा करू नका. टंगस्टन कार्बाइडच्या टूलच्या टिपा दहा मिनिटांत बोथट होतात, पीसीडी (कृत्रिम हिऱ्याचं) टूल महाग, आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) चालवणारा दुसऱ्यांदा काम घेत नाही. मी आकाराच्या जवळ ओतलेल्या ८ ते १० मि.मी. जाड पट्ट्या करतो, फक्त एक हात पीसीडीने फिरवतो आणि साध्या बॉक्समध्ये मागून स्क्रूने बसवतो. मॅचप्लेटवर उभ्या कडा आणि ड्राफ्टची (पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून दिलेल्या उताराची) बाजू, बॉक्समध्ये वाळू घसरत जाते त्या भिंती.

शूटरच्या भोकासमोरची जागा मात्र वेगळी. तिथे वाळू घासत नाही, सरळ आपटते. आडव्या घासण्याला कण अडवतो, पण काटकोनातल्या माऱ्याखाली कण तडकतात आणि भोवतीचा धातू ठिसूळ असल्यामुळे कंपोझिट साध्या ॲल्युमिनियमपेक्षा पुढे जात नाही, कधी मागेच पडतं. रबराच्या चाकावरचा आकडा या जागेला लागू नाही. ज्या खळग्यामुळे हे सगळं सुरू झालं, त्या जागी मी आता कडक केलेल्या पोलादाचं बदलता येणारं बटण बसवतो.

भिंतींसाठी शेवटची चाचणी फाउंड्रीतच घ्या. एकाच बॉक्सच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर, भोकापासून सारख्या अंतरावर, एकीकडे साध्या एलएम-२५ची पट्टी आणि दुसरीकडे कंपोझिटची. दोन्हींना तोच उष्णोपचार, तीच उंची. दोन्हींवर वाळू पोचत नाही अशा कोपऱ्यात एक संदर्भ टप्पा ठेवा. मग दर आठवड्याला, बॉक्स साफ करायला उघडतो तेव्हा, त्या टप्प्यापासून डेप्थ मायक्रोमीटरने तीन ठरलेल्या ठिकाणी मोजा आणि शूटरचे शॉट किती झाले ते शेजारी लिहा. महिन्याने पट्ट्यांची अदलाबदल करा, कारण दोन्ही बाजूंना वाळू सारखी येतेच असं नाही.